पोराचं इंजिन अडतंय? तेलाची बाटली आधी बाजूला ठेवा



उसाचा दर, तोडणी-वाहतूक, ठिबक, खोडवा या विषयांवर या पानांतून नेहमी चर्चा होते आणि ती व्हायलाच पाहिजे. आज मात्र जरा वेगळा विषय मांडायची परवानगी घेतो. विषय आहे आपल्या पोरापोरींनी घरी बनविलेल्या छोट्या इंजिनाचा. पत्र्याच्या डब्याचं, खाली मेणबत्ती लावली की चालायला हवं आणि बहुतेक वेळा न चालणारं इंजिन. विषय पोरखेळाचा वाटेल. पण त्यात आपल्या विहिरीवरच्या पंपाचा संबंध आहे आणि मिलच्या ब्रेकडाऊनचाही आहे, तेव्हा चार मिनिटं द्यावीत ही विनंती.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात काय दिसतं ते आपण सगळे पाहतो. रंगविलेला देखावा, त्यात दिवे, शेजारी मोठ्या अक्षरांतला तक्ता. त्या गर्दीत एखादं पोरगं डब्याचं इंजिन घेऊन उभं असतं. चाकाला हातानं गती देतं, चाक दोन फेरे घेऊन थांबतं. परीक्षक 'प्रयत्न चांगला आहे' म्हणून पुढं जातात. घरी आल्यावर बाप म्हणतो, मोबाईलवर तयार मिळतंय, मागवून टाक. तयार इंजिन येतं, पहिल्या फटक्यात चालतं, आणि महिनाभरात कपाटात जातं. पोराच्या हाती काय लागलं? माझं स्पष्ट मत असं आहे की ते न चाललेलं इंजिनच खरं शिकवणारं होतं. ते कुठं अडतंय हे शोधायची रीत त्याला कुणी दाखवली नाही, एवढीच उणीव होती.

आधी हे इंजिन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. रॉबर्ट स्टर्लिंग नावाच्या स्कॉटलंडमधल्या एका धर्मोपदेशकानं १८१६ साली गरम हवेवर चालणाऱ्या इंजिनाचं पेटंट घेतलं. त्यात बॉयलर नाही, वाफ नाही. बंद डब्यात हवा कोंडलेली असते. डब्याचा तळ गरम, माथा थंड. आत एक हलका, सैल दट्ट्या वरखाली होऊन तीच हवा कधी तळाकडं, कधी माथ्याकडं ढकलतो. हवा तापली की फुगते, निवली की आक्रसते, आणि या फुगण्या-आक्रसण्यावर दुसरा छोटा, घट्ट बसणारा पिस्टन चालतो. दोन्ही एकाच क्रँकला जोडलेले, पण पाव फेऱ्याच्या अंतरानं. घरी करायला हेच इंजिन बरं. बंद डब्यात पाणी उकळून वाफेचं इंजिन करायच्या नादी मात्र मुलांना लागू देऊ नका. डबा फुटला तर डोळे जातात.

आता एक हिशेब बघा. आपल्या विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटर म्हणजे ३,७३० वॅट. पोराच्या डब्याच्या इंजिनाची ताकद पुरता एक वॅटही नसते. समजा, पंपाच्या ग्लँडमध्ये नाहक शंभर वॅट वाया चालले. मोटरच्या ताकदीच्या ते तीन टक्केही भरत नाहीत. पंप कुरकुर न करता पाणी ओढत राहतो आणि मालकाला पत्ता लागत नाही. पण डब्याच्या इंजिनात वॅटचा दहावा हिस्सा घर्षणात गेला तरी ते जागच्या जागी थांबतं. मोठं यंत्र आपलं घर्षण वर्षानुवर्षं झाकून ठेवतं. लहान यंत्राला ते झाकता येत नाही. म्हणूनच घर्षण शिकायला यासारखा स्वस्त मास्तर नाही.

आपल्याकडं यंत्र जड चाललं की पहिला हात तेलाच्या बाटलीकडं जातो. सवय जुनी आहे. लाकडी गाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय बाजाराला निघायचं नाही, ही आपल्या वाडवडिलांची शिस्त होती आणि त्या गाडीला ती योग्यच होती. पण घरची शिलाई मशीन चालवणारी बाई काय करते ते आठवा. मशीन जड झाली की ती आधी शटलमध्ये गुंतलेला दोरा काढते, कापडाचा भुगा झटकते, आणि मगच तेलाचे दोन थेंब सोडते. फिटरच्या तोंडून ऐकायला मिळणारं शहाणपण तिनं कधीच आत्मसात केलेलं असतं. तेल हे घासणाऱ्या दोन पृष्ठांमधलं औषध आहे. वाकलेली दांडी, तिरका बुश, कडेला टेकणारा दट्ट्या यांना तेल बरं करत नाही. उलट दोष दोन दिवस झाकला जातो.

तेव्हा पोराला सांगा, सगळं इंजिन एकदम तपासू नको. मेणबत्ती विझव आणि इंजिन सुटं कर. क्रँकला जोडलेल्या दोन्ही दांड्या काढून टाक. राहिलं काय, तर नुसतं चाक आणि त्याचा शाफ्ट. आता चाकाला बोटानं टिचकी मार आणि ते थांबताना कसं थांबतं ते नीट बघ.

हे बघणं फार महत्त्वाचं आहे. चाक हळूहळू मंदावत जाऊन शेवटी पाळण्यासारखं मागंपुढं झोके घेऊन स्थिरावलं, तर बेअरिंग मोकळं आहे असं समजावं. झोके घेऊन प्रत्येक वेळी तेच टोक खाली येत असेल तर चाकाची ती बाजू जड आहे. समोरच्या बाजूला थोडं वजन चिकटवलं की झालं, त्यात घर्षणाचा काही दोष नाही. पण झोका न घेता चाक एकदम, जणू कुणी धरल्यासारखं थांबत असेल, तर बेअरिंग धरतंय. नवीन बॉल-बेअरिंग आणून बसवलं तरी असं होतं आणि पोरं गोंधळतात. कारण साधं आहे. त्या बेअरिंगमध्ये घट्ट ग्रीस भरलेलं असतं. ते पंपाला, सायकलला ठीक आहे, या एवढ्याशा इंजिनाला तो चिखल होतो. बाजूची झाकणी काढून बेअरिंग रॉकेलमध्ये धुवावं, वाळवावं आणि शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा एकच थेंब सोडावा. धुताना जवळ मेणबत्ती पेटलेली नको, हे सांगायला नकोच, पण सांगतो.

इथं जरा थांबून एक गोष्ट. जाड वंगण वाईट आणि पातळ चांगलं असं कुणी समजू नये. आपल्या मिलचे रोलर मिनिटाला अगदी थोडे फेरे घेतात, पण त्यांच्या जर्नलवर हायड्रॉलिकचा प्रचंड दाब असतो. तिथं पातळ तेल टिकणारच नाही, दाबाखाली पिळून बाहेर येईल. म्हणून तिथं जाड तेल आणि वर थंड पाण्याची सोय. डब्याच्या इंजिनाचं उलटं आहे. वेग जास्त, भार जवळजवळ नाही. तिथं जाड तेलाचा थर ढवळण्यातच सगळी ताकद खर्च होते. भार आणि वेग बघून वंगण ठरवायचं असतं, दुकानात कुठला डबा समोर आहे ते बघून नव्हे.

चाक मोकळं झालं की एक दांडी जोडायची. एकच. आतल्या हलक्या दट्ट्याची. पुन्हा टिचकी, पुन्हा बघणं. फेरे एकदम कमी झाले तर दोष याच दांडीच्या वाटेवर आहे, दुसरीकडं शोधायचं कारण नाही. ही दांडी बहुतेक पोरं सायकलच्या स्पोकची करतात, आणि स्पोक सरळ दिसला तरी सरळ असतोच असं नाही. आरशाच्या काचेवर तो लोळवून बघावा. वाकडा असेल तर काच आणि स्पोक यांच्यामधली उजेडाची फट उघडझाप करते. दांडी सरळ निघाली तर दट्ट्या डब्याच्या कडेला टेकतोय का ते बघायचं. आत तर दिसत नाही, मग कसं बघणार? चिमणीवर धरून दट्ट्याच्या कडेला काजळी धरवा, इंजिन जुळवा, हातानं वीस-पंचवीस फेरे द्या आणि उघडा. जिथं काजळी पुसली गेली तिथं तो घासतोय. मोठ्या वर्कशॉपमध्ये फिटर बेअरिंगला निळी लावून टेकणारी जागा शोधतात आणि तेवढीच खरवडतात. रीत तीच, सामान घरचं.

दांडी डब्याच्या माथ्यातून ज्या भोकातून बाहेर येते, ती जागा सगळ्यांत नाजूक. भोक घट्ट असेल तर दांडी धरते, सैल असेल तर हवा निसटते. पितळेची बारीक नळी डाख देऊन उभी बसवली तर दोन्ही साधतं, पण ती ओळंब्यात उभी पाहिजे. नळी जराशी तिरकी बसली की दांडी वरच्या एका कडेला आणि खालच्या समोरच्या कडेला घासते. मग पोरगं भोक मोठं करत जातं, हवा गळायला लागते, आणि दोष एकाचे दोन होतात.

मग पिस्टन. इथं सगळ्यांत जास्त चुका तेलानंच होतात. काचेची जुनी इंजेक्शनची सिरिंज मिळाली तर पिस्टन-सिलिंडर म्हणून ती उत्तम. पण तिला तेल लावायचं नाही, पाणीही लागू द्यायचं नाही. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून सरकवून बघा, कशा चिकटतात. तसंच आत होतं. सिरिंज कोरडी, धूळ नसलेली हवी. तिची परीक्षा सोपी आहे. सुईचं तोंड खाली करून उभी धरा. तोंड उघडं असताना आतला दट्ट्या स्वतःच्या वजनानं सुळकन खाली यायला हवा. मग तोंडावर अंगठा दाबून पुन्हा बघा. आता तो जेमतेम, सावकाश उतरायला हवा. पहिल्या परीक्षेत अडला तर घर्षण, दुसऱ्या परीक्षेत झटकन उतरला तर गळती. एका सिरिंजनं दोन आजार वेगळे करून दाखवले. डॉक्टरही एवढ्या स्वस्तात निदान करत नसेल. काही पोरं पिस्टनऐवजी फुग्याचं रबर ताणून बांधतात. तिथं घासण्याचा प्रश्न नाही, पण रबर फार ताणलं तर ते प्रत्येक फेऱ्याला थोडी ताकद खातं. म्हणून ते ढिलं बांधावं.

सगळे भाग सुटे असताना मोकळे, आणि स्क्रू आवळले की इंजिन जड. हा अनुभव ज्यानं ज्यानं काही जुळवलंय त्याला आला असणार. याचा अर्थ भाग चांगले आहेत, जुळणी तिरकी आहे. इथं घाई उपयोगाची नाही. सगळे स्क्रू ढिले करावेत, चाक फिरवून बघावं, मग एकेक स्क्रू थोडाथोडा आवळत प्रत्येक वेळी चाक फिरवावं. कुठला स्क्रू आवळल्यावर चाक जड होतं ते लगेच कळतं. त्या पायाखाली कागदाची एखादी घडी सरकवली की बऱ्याचदा काम भागतं. पंप आणि मोटर एका फ्रेमवर बसवताना खाली पत्र्याचे पातळ तुकडे घालून दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणतात, ते याच कारणानं.

थंड असताना मोकळं आणि तापल्यावर जड, अशीही एक जात आहे. धातू तापला की फुगतो, आणि सगळे सारखे फुगत नाहीत. दहा मिलीमीटर जाडीचा तुकडा शंभर अंशांनी तापला तर पोलाद साधारण १२ मायक्रॉन वाढतं, पितळ १९ आणि ॲल्युमिनियम २३. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. पोलादी सिलिंडरात ॲल्युमिनियमचा पिस्टन अगदी बरोब्बर बसवला असेल तर तापल्यावर तो ११ मायक्रॉन जागा जास्त मागणार, आणि ती नसेल तर अडकणार. पण याच्याशी दिसायला सारखा एक वेगळा दोष आहे, तो ओळखला पाहिजे. इंजिन पाच-सात मिनिटं छान चालून मंद पडतं, कारण डब्याचा माथाही तापलेला असतो. गरम-थंडातला फरकच संपला तर हवा फुगणार-आक्रसणार कशी? माथ्यावर बर्फाचा खडा ठेवून बघा. इंजिनानं पुन्हा वेग घेतला तर घर्षणाला उगाच दोष देऊ नये.

एक जुना गैरसमजही जाता जाता सांगतो. पुष्कळांना वाटतं, घासणारी जागा कमी केली की घर्षण कमी होईल. कोरड्या पृष्ठांना हे लागू नाही. फ्रान्समधल्या आमोन्तों यांनी १६९९ साली हे मांडलं, आणि त्याच्या दोनशे वर्षं आधी लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत तेच नोंदलेलं सापडतं. कोरडं घर्षण भारावर आणि पृष्ठांच्या जातीवर अवलंबून असतं. तेलाचा थर मध्ये आला की मात्र जागेचा हिशेब सुरू होतो. म्हणून पोरगं बुश कानशीनं घासून अरुंद करायला निघालं तर त्याला आधी विचारावं, बाबा, बुश कोरडा आहे की तेलातला?

आता आपल्या रानात या. गाळपाच्या दिवसांत पाण्याची पाळी आली की आपण पंपाच्या ग्लँडमधून गळणारं पाणी बघतो आणि पाना घेऊन ग्लँड आवळून टाकतो. थेंबही गळला नाही की समाधान. पण दोरीच्या पॅकिंगच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळायलाच हवं. तेच पाणी पॅकिंगला थंड ठेवतं आणि वंगणाचं कामही करतं. कोरडं आवळलेलं पॅकिंग शाफ्टचा स्लीव्ह खातं आणि मोटरवर बोजा टाकतं. मघाचे शंभर वॅट असेच जातात. दिवसाला आठ तास पंप चालला तर पाऊण युनिटाहून जास्त, दोनशे दिवसांत १६० युनिट. कुणी म्हणेल, २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांच्या बिलाची सवलत आहे, आपलं काय जातंय? बिलाची सवलत असली तरी स्लीव्ह, बुश आणि रिवाइंडिंग यांची सवलत कुणी दिलेली नाही. बेल्टचंही तसंच. घसरू नये म्हणून पट्टा तारेसारखा ताणतात आणि वर्षात दोनदा बेअरिंग बदलतात. ज्या पोरानं घरच्या इंजिनात एकदा घट्ट आणि सैल यांच्यामधली जागा शोधलीय, ते पोरगं विहिरीवर पाना आवळताना आपोआप हात आखडता घेईल.

म्हणून माझी संचालक मंडळाला आणि सभासदांना एक सूचना आहे. गाळप बंद झाल्यावर ओव्हरहॉलिंगच्या काळात सभासदांच्या मुलामुलींसाठी एक बेंच मांडावा. कारखान्याच्या आवारात नको. चालू कामात मुलं सोडणं धोक्याचं आहे. गट ऑफिसच्या व्हरांड्यात किंवा हायस्कूलच्या एका खोलीत चालेल. एक बेंच व्हाईस, चार कानशी, हातड्रिल, गुण्या, डाख द्यायचं सामान एवढं पुरे. शिकवायला निवृत्त झालेला फिटर पाहावा, आठवड्यातून दोन संध्याकाळी. आपल्या गावोगावी असे लोक आहेत की जे मिलच्या बेअरिंगवर नुसता हात ठेवून 'आज जरा जास्त तापतंय' म्हणायचे. ती माणसं पारावर बसून आहेत आणि त्यांची विद्या त्यांच्याबरोबर चाललीय. मुलींना आवर्जून बोलवावं. शिलाई मशीनची शिस्त असलेल्या घरातून त्या येतात.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो मी ऐकलेलाही आहे: कारखाना ऊस गाळायला आहे, खेळणी करायला नाही. आक्षेपात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. सभासदाचा पैसा आहे, तो जपूनच खर्च झाला पाहिजे. पण गाळपाच्या ऐन भरात एक मिल चार तास बंद राहिली तर तोडून ठेवलेला ऊस वजनात घटतो, उतारा घसरतो, गाड्या रांगेत उभ्या राहतात. ते नुकसान शेवटी सभासदाच्याच बिलात येतं. अशा वेळी दोष तासात शोधणारा माणूस आणि तीन पाळ्या शोधत बसणारा माणूस यांतला फरक लहानपणीच पडायला लागतो. आपली मुलं आयटीआयला, डिप्लोमाला जातात, कागद घेऊन येतात, आणि पुष्कळांनी तोवर कानस हातात धरलेली नसते. याला मुलांचा दोष नाही. त्यांच्यापुढं अडलेलं यंत्र कुणी ठेवलंच नाही.

शिक्षक बंधूंनाही एक विनंती. प्रदर्शनात गुण देताना इंजिनाशेजारी एक वही मागावी. कुठला भाग सुटा केला, चाक किती फेरे फिरलं, काय बदललं, मग किती फिरलं. इंजिन चालो न चालो, त्या वहीला गुण द्यावेत. तयार मागवलेल्या इंजिनाबरोबर अशी वही येत नाही.

बेंचचा विषय वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर यावा म्हणून मी लेखी सूचना देणार आहे. ज्यांना पटलं असेल त्यांनी सहीला यावं. ज्यांच्याकडं जुना व्हाईस, पितळेच्या बुशचे तुकडे, काचेच्या सिरिंज पडून असतील त्यांनी गट ऑफिसात नाव सांगून ठेवावं. आणि पोराचं बंद पडलेलं इंजिन माळ्यावर टाकलं असेल तर ते भंगारवाल्याला देऊ नका. पहिल्या संध्याकाळी बेंचवर तेच लागणार आहे.

– एक ऊस उत्पादक सभासद